आठवं बिऱ्हाड

ज्या बाईचं निम्मं आयुष्य एका इमारतीत गेलं, तिला अजून 'नव्या काकू' म्हणायचं म्हणजे हद्दच झाली. पण त्या इमारतीत नाव एकदा पडलं की पडलं. काकू राहायला आल्या तेव्हा समोरच्या दारात आधीच एक काकू होत्या. दोन काकूंचा घोळ नको म्हणून त्या जुन्या आणि या नव्या. पुढे जुन्या काकू वारल्या, त्यांच्या मुलानं जागा विकली, तिथं बँकवाल्या बाई आल्या, बघता बघता बँकवाल्या बाईंचेही केस पिकले. नव्या काकू आपल्या नव्याच. बँकवाल्या बाईंना मात्र आल्या दिवसापासून कुणी नवीन म्हटलं नाही. त्यांना बँक होती.

काकूंना सुरुवातीला नवरा होता. त्याची बदली झाली म्हणून दोघं या गावात आली, चौथ्या मजल्यावरची जागा भाड्यानं घेतली. वर्ष-दीड वर्षात त्याची पुन्हा बदली झाली. तिकडं घर मिळालं की तुला न्यायला येतो, असं सांगून तो गेला, आणि त्याला घर मिळालंसुद्धा. बाईसकट मिळालं. काकूंनी हे कुणाला सांगितलं नाही. ते फिरतीवर असतात, एवढंच म्हणायच्या. इमारतीला सगळी खबर होती, पण इमारत मनानं वाईट नव्हती. 'काय म्हणतात साहेब, बरे आहेत ना?' असं जिन्यात विचारून तिनं कितीतरी वर्षं काकूंची अब्रू राखली. मग कधीतरी ते विचारणंही बंद झालं. नवरा गेला तेव्हा काकू रडल्या नव्हत्या. हे विचारणं बंद झाल्याचं लक्षात आलं, तेव्हा मात्र भांडी घासता घासता त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

पोटापाण्यासाठी त्या वाचनालयात पुस्तकं दुरुस्त करत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. ग्रंथपाल त्याला पुस्तकांचा दवाखाना म्हणत आणि दर वेळी स्वतःच हसत. टेबलावर खळीचं भांडं, दाभण, मेण लावलेला दोरा, कापडी पट्ट्या, पुठ्ठे आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब. पुस्तक म्हणजे बाहेरून एक दिसत असलं तरी आत सोळा-सोळा पानांचे गठ्ठे असतात, त्यांना फर्मे म्हणतात. पाठ फुटली की काकू सगळे फर्मे सुटे करत, जुनी खळ खरवडून काढत, एकेक फर्मा दोऱ्यानं पुन्हा शिवत आणि वरून नवा पुठ्ठा चढवत. शेवटी पहिल्या पानावर शिक्का मारायचा: 'पुस्तकात काहीही लिहू नये.' हा शिक्का मारण्याचं काम त्यांना फार आवडे. हाताखाली कुणी नसलेल्या माणसाला हुकूम सोडायला एवढीच जागा होती.

ग्रंथपालांच्या मते अलीकडच्या कादंबऱ्यांना एकच रोग जडला होता. जो तो आपण मूळचे कुठले, हे शोधत फिरतोय. कुणी परदेशातून आईच्या घराची किल्ली घेऊन येतो, कुणाला आजोबांची भाषा कळत नाही, कुणाचं गावच पाण्याखाली गेलेलं. काकूंना या कादंबऱ्या मनापासून आवडत. शिवायला आलेलं पुस्तक त्या आधी वाचून काढत, मग उसवत. इतक्या वर्षांत त्यांच्या एक ध्यानात आलं होतं की पुस्तक सगळीकडे सारखं झिजत नाही. माणूस जिथं रेंगाळतो तिथलं पान मळतं. घर शोधणाऱ्या या कादंबऱ्या हमखास शेवटाकडे मळलेल्या असत, जिथं तो माणूस अखेर दाराशी येऊन उभा राहतो तिथं. तिथं अंगठ्यांचे डाग, चहाचे शिंतोडे, एकदा तर चष्म्याची काडी. काकू ब्रशनं झाडत, खोडरबरानं पुसत आणि पान होतं तसं करून ठेवत.

आता खारुताईचं सांगायला हवं. तिसऱ्या मजल्यावर नर्सबाई राहत, त्यांची ही मुलगी. नर्सबाईंची दुपारपाळी आणि वडील वीज कंपनीत, म्हणजे खांबावर कमी आणि कचेरीत जास्त, पण संध्याकाळपर्यंत घरी नाहीतच. शाळा सुटली की मुलगी एक जिना जास्त चढून काकूंकडे येई. काकू तेव्हा सकाळचं वाचनालय करून दुपारी काम घरी आणत. गालात बिस्किटं कोंबून बसते म्हणून त्यांनी तिचं नाव खारुताई ठेवलं. दोघी करायच्या काय, तर काहीच नाही. काकू खळ शिजवायच्या, मुलगी ढवळायची. काकू शिवायच्या, मुलगी गृहपाठ करायची आणि मधूनच 'काकू, तुला कंटाळा येत नाही का गं?' असं विचारायची. काकू म्हणायच्या, येतो की. मग दोघी परत आपापल्या कामाला लागायच्या. उरलेल्या कागदांच्या पट्ट्या जमवून काकू तिला बोटभर वह्या शिवून द्यायच्या. त्यात ती गोष्टी लिहायची आणि काकूंनाच वाचून दाखवायची.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मग नर्सबाईंनी दुसरीकडे मोठी जागा घेतली. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा खारुताई काकूंच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली, दर रविवारी येईन म्हणाली आणि दोन रविवार आलीही. तिसऱ्या रविवारी काकूंनी बिस्किटं आणून ठेवली होती. ती पुढे कितीतरी दिवस डब्यात मऊ पडत राहिली. मुलं मोठी होतात, त्यांना त्यांची कामं असतात, असं काकूंनी मनाची समजूत घालत म्हटलं. तक्रार करण्याइतका आपला हक्क पोचतो का, याची त्यांना खात्री नव्हती.

आणि मग बऱ्याच वर्षांनी खारुताईची कादंबरी आली.

ग्रंथपाल ती दोन्ही हातांत धरून मागच्या खोलीत आले. कादंबरीचं नाव होतं 'सात बिऱ्हाडांचा जिना'. वर्तमानपत्रांतून तिचं कौतुक चाललं होतं. माणूस कुठला होऊन जगतो, जागा माणसाला कशी घडवते, वगैरे. आणि ती सगळी काकूंच्या इमारतीवर होती. प्लास्टिकचं कव्हर घालायला पुस्तक आधी काकूंच्या हाती आलं. कव्हर घालायला पाच मिनिटं पुरतात. त्या दिवशी काकूंनी दिवस लावला.

काय हुबेहूब लिहिलं होतं पोरीनं! जिन्याचा तो सुटा कठडा, तळमजल्यावरचा पाइपाचा वास, पाण्याच्या टाकीत काठी बुडवून पाणी मोजणारे सेक्रेटरी, दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका खडूनं दुरुस्त करत हिंडणारे मास्तर. काकू एकट्याच हसत होत्या. हसता हसता त्या मजले चढत होत्या. पहिला झाला, दुसरा झाला, तिसऱ्यावर नर्सबाई आल्या. आता चौथा. काकूंनी उगाचच पदर सारखा केला, जणू कुणी फोटो काढणार होतं.

चौथ्या मजल्यावर उजव्या हाताला पोस्टातल्या एक बाई राहत होत्या. डाव्या हाताच्या दाराबद्दल एकच वाक्य होतं. 'डावीकडचं दार कायम बंद असे. त्याच्या कुलपाला गंज चढला होता, आणि मुलगी त्या दाराशी पायरीवर बसून आईची वाट पाहत असे.'

काकूंनी पान उलटलं. पुढं पाऊस आणि गळकी गच्ची. त्यांनी मागं उलटलं, पानं चिकटली असतील म्हणून बोटानं सोडवून पाहिली. हा त्यांचा रोजचा धंदा, चिकटलेलं पान त्यांच्या बोटांना डोळे मिटून कळलं असतं. चिकटलेलं काही नव्हतं. मग त्यांनी पुस्तक मिटून नाव पुन्हा वाचलं. इमारतीत दारं आठ होती.

त्यांना वाईट वाटलं. फिरवून सांगण्यासारखं त्यात काही नाही, सरळ वाईट वाटलं, रस्त्यात ओळखीच्या माणसानं तोंड फिरवल्यावर वाटतं तसं. आपण त्या मुलीच्या लहानपणात होतो की नव्हतो, हा प्रश्न त्यांना तोवर कधी पडलाच नव्हता. नवऱ्यानं सोडलं, इमारतीनं नवीन म्हणून बाजूला ठेवलं, तरी त्या आठ-नऊ वर्षांच्या दुपारी आपल्या नावावर आहेत, या भरवशावर त्या जगत आल्या होत्या. आता तीच मुलगी छापून सांगत होती की दाराला कुलूप होतं.

इमारतीत तोवर नुसता गोंधळ माजला होता. एका रविवारी सकाळी सेक्रेटरींच्या घरी सगळे जमले, कादंबरीचा निषेध करायला. निषेध कसला, प्रत्येकाच्या काखोटीला स्वतःच्या पैशानं घेतलेली प्रत होती आणि आपापल्या पानात खुणेची चिठ्ठी. सेक्रेटरी म्हणाले, मी काठीनं पाणी मोजतो हे जगाला सांगायची काय गरज होती. मास्तर म्हणाले, खडूचं एक वेळ ठीक आहे, पण मला टक्कल दाखवलंय. बोलताना त्यांचा हात टकलावरच होता. पहिल्या मजल्यावरची सासू-सून कधी नव्हे ते एकमेकींना लागून बसल्या होत्या, कारण कादंबरीत त्यांचं भांडण पाच पानं चालत होतं आणि दोघींच्या मते त्यात दुसरीचीच बाजू घेतली होती. तक्रारी चालल्या होत्या आणि चेहरे फुलले होते. इतक्या वर्षांत इमारत पहिल्यांदाच अशी एका खोलीत मावली होती.

काकू दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. चहाचे कप पुढं सरकवायला ती जागा बरी पडते. कप फिरवता फिरवता सुनेनं सहज विचारलं, "नव्या काकू, तुम्ही कुठल्या पानावर?"

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. खरं म्हणजे त्यात वाकडेपणा नव्हता, सगळ्यांना उत्तर ऐकायचं होतं. आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून काकूंच्या तोंडून निघून गेलं, "ती पोस्टातली बाई आहे ना. मुलीला परदेशी तिकिटं देते, तीच. जरा बदलून लिहिलंय."

 मग बँकवाल्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"ती मी हो, काकू," त्या म्हणाल्या. "बँकेच्या पाकिटांवरची तिकिटं मी काढून ठेवायचे तिच्यासाठी. बँकेचं पोस्ट केलंय तिनं."

"हो का. मग माझीच काहीतरी चूक झाली," काकू म्हणाल्या.

सेक्रेटरींनी लगेच पाण्याच्या मोटरचा विषय काढला. भला माणूस. काकूंनी रिकामे कप गोळा केले, मोरीत नेऊन विसळले, पुन्हा विसळले, आणि जिना चढून घरी आल्या. समोरच्या दाराशी बँकवाल्या बाई किल्ली चाचपत बराच वेळ उभ्या होत्या, त्यांना काही बोलायचं होतं असं दिसत होतं. काकूंनी आपलं दार लावून घेतलं. बंद दार म्हणे. मग घ्या.

महिन्याभरानं वाचनालयानं लेखिकेला बोलावलं. खुर्च्या मांडायचं काम काकूंनी अंगावर घेतलं आणि स्वतःसाठी सगळ्यात मागची ठेवली. खारुताईचे केस आता कापलेले होते, चष्मा होता, पण बोलण्याआधी गाल फुगवून श्वास सोडायची सवय तीच होती. एका वाचकानं विचारलं की माणसाचं घर नेमकं कुठं असतं. ती म्हणाली, जिथं आपल्याला कुणी काही विचारत नाही तिथं. टाळ्या पडल्या. काकूंना ते काही पटलं नाही. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, आणि ते काही घर नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर सह्यांच्या रांगेतून मान उंचावून तिनं त्यांना पाहिलं आणि म्हणाली, काकू, कशा आहात, मी संध्याकाळी वर येते. पूर्वी ती काकूंना 'तू' म्हणायची.

ती खरंच आली. चार जिने चढून धापा टाकत आली, दारात उभी राहिली आणि पुस्तकाच्या कागदांचा, खळीचा वास आला तशी डोळे मिटून हसली. काकूंनी बिस्किटं काढली होती. तिनं एक घेतलं, गालात न कोंबता नीट खाल्लं. मग इकडचं तिकडचं झालं. आईचे गुडघे, वडिलांचं रिटायर होणं, इमारतीत कोण रागावलंय. ती हसून म्हणाली की मास्तरांनी टकलाबद्दल लेखी खुलासा मागितलाय. काकूही हसल्या. मनातला प्रश्न घशाशी येऊन बसला होता. तो गिळणं त्यांना सहज जमलं असतं. सगळं आयुष्य त्यांनी गिळण्यातच घालवलं होतं. पण समोर खारुताई होती, आणि ही दुपारची मुलगी सोडली तर विचारावं असं त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

"मी कुठाय गं त्यात?"

लेखिकेनं हातात घेतलेलं दुसरं बिस्कीट ताटलीत परत ठेवलं.

"होतात," ती म्हणाली. "पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सगळ्यात मोठं प्रकरण तुमचंच होतं. चाळीस पानं. संपादक म्हणाले, छान आहे, पण तिथं काही घडत नाही. मुलगी येते, बाई खळ शिजवते, दोघी बसून राहतात. वाचक तिथं पुस्तक खाली ठेवेल म्हणाले."

"मग?"

"मग काढलं."

"तुला पटलं?"

तिनं गाल फुगवून श्वास सोडला. खोटं बोलणं तिला सोपं होतं, लिहिणाऱ्या माणसाला काय अवघड. तिनं ते केलं नाही, एवढं श्रेय तिला द्यायला हवं.

"तेव्हा पटलं, काकू. मला पुस्तक यायला हवं होतं."

"अगं, पण कुलूप कशाला लावलंस? तेही गंजलेलं."

"दार तर जिन्यावर होतंच ना," ती हळूच म्हणाली. "उघडं ठेवलं असतं तर आत कोण राहतं ते सांगावं लागलं असतं."

काकूंनी मान हलवली. कामातली अडचण त्यांना कळत होती. पाठ बसत नसली की त्याही पुठ्ठा कडेनं छाटत, आणि छाटलेली पट्टी कुठं जाते हे कुणी विचारत नाही. पण कळणं वेगळं आणि लागणं वेगळं. ते त्यांना लागायचं तेवढं लागलंच.

खारुताई म्हणाली, ती पानं माझ्याकडे आहेत, मी पाठवते, तुम्ही वाचा. काकूंनी नको म्हटलं. तिनं पुन्हा आग्रह केला, तिचे डोळे भरून आले होते.

"नको गं," काकू म्हणाल्या. "मला माझ्या दुपारी पाठ आहेत. जे लोकांच्या हातात जाणार नाही, ते मी एकटीनं वाचून काय करू?"

निघताना ती दाराशी गेली. ते दार जरा वर उचलून ओढल्याशिवाय लागत नसे, पहिल्यांदा येणारा माणूस हमखास धडपडे. तिनं सवयीनं ते उचलून ओढलं आणि ते बिनआवाज लागलं. काकू आतून त्या लागलेल्या दाराकडे बघत राहिल्या. हात विसरला नव्हता तर. हाताला कुणी संपादक नव्हता.

पुढच्या काही महिन्यांत वाचनालयाची ती प्रत कुणाच्या घरी टिकली नाही. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, शेवटी पाठ फुटून, पानं लोंबत ती दवाखान्यात आली. काकूंनी तिला उसवलं, फर्मे ओळीनं मांडले, खळ खरवडली. कुलपाचं वाक्य योगायोगानं एका फर्म्याच्या शेवटच्या पानावर होतं. त्याच्या पुढच्या फर्म्यात पाऊस सुरू होत होता. ते दोन गठ्ठे शेजारी शेजारी ठेवून काकू बराच वेळ बसून राहिल्या. मग उठल्या, कपाटातून चांगल्यातला चांगला कागद काढला, मोजून कापला, दुमडला आणि कोऱ्या पानांचा एक फर्मा केला. चाळीस पानं बसली नसती, पाठ फुगली असती. सोळा बसली. तो फर्मा त्यांनी कुलूप आणि पाऊस यांच्या मधोमध ठेवला आणि बाकीच्यांसारखाच शिवला, जरा जास्त घट्ट.

ग्रंथपालांनी पुस्तक चाळलं आणि ते थबकले. कोरी पानं लोक पुस्तकाच्या सुरुवातीला घालतात, शेवटाला घालतात, मध्ये कुणी घालत नाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं, पुन्हा पानांकडे पाहिलं. लोक विचारतील, एवढंच ते म्हणाले.

"विचारू देत," काकू म्हणाल्या. त्यांना तेच तर हवं होतं.

आणि लोकांनी विचारलं. पहिले मास्तर आले, खडूसारखं बोट त्या पानांवर आपटत. छापायचं राहिलंय इथं, माझ्या प्रतीत तर ही पानंच नाहीत, म्हणाले. काकूंनी शांतपणे सांगितलं की राहिलेलं नाही, तिथं काही घडत नाही म्हणून ती कोरी आहेत. मास्तर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. हां हां, नव्या आवृत्त्यांत हल्ली असं करतात म्हणे, आपल्यालाच कळत नाही, असं म्हणून ते दोन वेळा मान डोलावून गेले. आणखी एकानं ग्रंथपालांना येऊन सांगितलं की त्या कोऱ्या पानांनी त्याला आतून हलवलं, एवढी शांतता त्यानं पुस्तकात कधी वाचली नव्हती. वाचकांच्या बैठकीत त्या पानांवर अर्धा तास चर्चा झाली. मुळं तुटलेल्या माणसाची पोकळी, असं काहीतरी ठरलं. काकू मागं खुर्च्या आवरत होत्या. पोकळी बिचारी खुर्च्या एकात एक घालत होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्यांनी काय धरलं होतं मनात? कुणीतरी ते पान उघडावं, चौथा मजला आठवावा, डावीकडचं दार आठवावं आणि म्हणावं, अहो, इथं तर नव्या काकू राहतात. एवढंच. एकानंही म्हटलं नाही. सात बिऱ्हाडांच्या लोकांनी घरी प्रत असूनही ती कोरी पानं बघायला ते पुस्तक नेलं, परत आणलं, आणि आठवं कुणाला मोजता आलं नाही.

तरी पुस्तक परत आलं की काकू पहिल्यांदा तीच पानं उघडत. ती स्वच्छ असत. बाकी पुस्तक मळत चाललं होतं. सासू-सुनेच्या भांडणाची पाच पानं तर काळी पडली होती, टाकीच्या काठीजवळ कुणीतरी दुमड घातली होती. कोऱ्या पानांवर डाग नाही, दुमड नाही, काही नाही. लोक तिथं येत आणि भराभर उलटून पावसात जात. कुणी पेन्सिलीनं एखादी रेघ मारावी तर तेही नाही. पहिल्याच पानावर काकूंनी स्वतःच्या हातानं शिक्का मारला होता ना, पुस्तकात काहीही लिहू नये म्हणून. इतक्या वर्षांत त्यांचा हुकूम एवढ्या इमानानं कुणी पाळला नव्हता.

थंडी सरता सरता ते पुस्तक एकदा परत आलं. काकूंनी सवयीनं मधे बोट घालून उघडलं. कोऱ्या पानांपैकी तिसऱ्या पानावर कपाचा गोल डाग होता. शिंतोडा नव्हे, पूर्ण गोल, कागदात मुरलेला. आणि शिवणीच्या खाचेत बिस्किटाचा चुरा होता.

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पान उलटता उलटता कप असा ठेवला जात नाही. पुस्तक उघडं ठेवून, त्यावर कप टेकवून कुणीतरी तिथं बसलं होतं. काही वाचायला नव्हतं, काही घडत नव्हतं, आणि तरी कप गार होईपर्यंत बसलं होतं. पुस्तक कुणाकडून आलं ते मागच्या कार्डावर लिहिलेलं असतं. काकूंनी मुद्दामच कार्ड पाहिलं नाही.

त्यांनी चुरा झाडायला ब्रश उचलला. मग तो परत ठेवून दिला. घरी आलेलं माणूस नुकतंच उठून गेलं की त्याचा कप काही लगेच उचलायचा नसतो.